तारीख हुकली

१२ जानेवारी २०२५, रविवार

प्रिय हक्क्या,

पाकीट पाहून दचकू नको. कोणी गेलं नाही, कोणाचं लग्न नाही, पैसेही नकोत. हेच तीनदा फोनवर लिहिलं आणि तिन्ही वेळा खोडलं. तिथं काही लिहिलं की तू तो दात काढणारा पिवळा चेहरा पाठवून मोकळा होतोस. म्हणून पोट्ट्याच्या वहीची पानं फाडून बसलो. आईचे गुडघे कुरकुरतात, माझं बीपी गोळीवर आहे, बाकी सगळे ठीक. झालं.

तर लेका, मी यंदा ३ जानेवारी विसरलो. फॉर्म्युला वनच्या शर्यतवाल्या माझ्या शूमाकरचा वाढदिवस.

वाच पुन्हा. मी. आठवीपासून जो त्या तारखेला पावभर पेढे आणत आला, तो मी.

कारण सांगतो, तेही लाजिरवाणंच आहे. २ तारखेला संध्याकाळी कापसाची ट्रॉली भरून खरेदी केंद्रावर गेलो. ७,५२१ चा हमीभाव आणि बाहेर व्यापारी त्याच्याखाली मागतो, मग रांगेत कोण नाही लागणार? ३ तारीख मी ट्रॉलीखाली घोंगडी अंथरून, बिड्यांच्या धुरात, पुढच्या नेरवाल्याच्या तीन पोरींच्या लग्नाची गोष्ट ऐकत काढली. ४ ला नंबर आला, मशीन लावली, ओलावा १३. घेतात १२ पर्यंत. शेवटी बाजूच्याच व्यापाऱ्याला भाव पाडून टाकून आलो. त्या तीन दिवसांत मला भावाचा आकडा आठवला, ओलाव्याचा आठवला, सोसायटीच्या कर्जाचा तर झोपेतही आठवला. तारीख नाही आठवली.

५ ला रविवारी ताडपत्रीचा पट्टा शिवून घ्यायला बसस्टँडवर गेलो. जोडेवाले काका आता पार वाकले आहेत, पण आरी तशीच चालते. मान वर न करता म्हणाले, "काहून बे, यंदा पेढा नाई आणला? शुक्रवारी सावित्रीबाईची मिरवणूक गेली शाळेची. मी वाट पाह्यली."

मला दोन सेकंद कळलंच नाही. मग कळलं, आणि माझे कान तापले. वर पाहिलं तर टपरीच्या पत्र्याला तो फोटो. धामणगावच्या स्टेशनवर घेतलेल्या मासिकातला, आपण ब्लेडनं कापलेला. लाल रंग उडून गुलाबी झाला आहे, तोंडावर डिंकाचे डाग, पण आहे. माझ्या घरचा पोस्टर प्लास्टरच्या वेळी गेला, तुझ्या घरचा तर काकूंनी डब्याखाली घातला होता. टिकला तो टपरीतला. तुझ्या वडिलांनी शूमाकर म्हणजे जोडे करणारा असं सांगितलं, तेव्हा काकांनी हात पुढे करून म्हटलं होतं, "मंग आण इकडं, आपल्या धंद्यातला हाये." आठवतं ना? त्या माणसानं आयुष्यात एक शर्यत पाहिली नसेल, आणि तारीख त्याला आठवते.

बाकी आपल्या दोघांच्याही देवांनी जन्म घ्यायला दिवस चांगले निवडले होते. माझा सावित्रीबाईंच्या जयंतीला, तुझा हॅकिनेन २८ सप्टेंबरला भगतसिंगांच्या. मोठे गुरुजी आपल्याला दोन्ही दिवशी पेढे वाटताना पाहून म्हणायचे, पोरं देशाची आहेत. मेले बिचारे, त्यांना खरं कधी कळलं नाही.

आणि तू आता मनातल्या मनात स्पाची शर्यत काढशील, मला माहीत आहे. काढ. २०००, पोळ्याच्या तोंडावर, मधे त्या झोन्टाची गाडी, एका बाजूनं माझा आणि दुसऱ्या बाजूनं तुझा. पंचवीस वर्षं होत आली, अजून तू पाण्याचा ग्लास उचलतानाही दोन भांड्यांच्या मधून हात घालून दाखवतोस. मान्य आहे रे, त्याच्यासारखं ओव्हरटेक मी पुन्हा पाहिलं नाही. पण त्याच वर्षी दसऱ्याच्या आसपास जपानला सुझुकाच्या शर्यतीत काय झालं तेही सांगत जा लोकांना. फेरारीला एकवीस वर्षांनी चालकाचं अजिंक्यपद, १९७९ च्या शेक्टरनंतर. आणि तुझा २००१ च्या शेवटी सुट्टीवर जातो म्हणून गेला तो आलाच नाही परत. अशी सुट्टी आपल्या शाळेत फक्त चपराशी घ्यायचा.

हेरेजच्या शर्यतीवर मात्र मी हरलो आहे. १९९७ ला तू पंधरा दिवस बोलला नव्हतास माझ्याशी, व्हिलनव्हच्या गाडीला माझ्या शूमाकरनं मुद्दाम धडक दिली म्हणून. मी तेव्हा म्हणत होतो, चाक घसरलं. चाक घसरलं नव्हतं. त्या वर्षीच्या अजिंक्यपदाच्या क्रमवारीतून नावच काढलं त्याचं, ते काय उगाच? मी हे आज लिहून देतो, जपून ठेव. पण त्याच हेरेजला आदल्या दिवशी तिघांची वेळ एकसारखी आली होती, १ मिनिट २१.०७२ सेकंद, हजाराव्या हिश्श्यापर्यंत. तळेगावच्या बैलांच्या शंकरपटात असं झालं असतं तर घड्याळवाल्याला लोकांनी छकड्याला बांधला असता.

गंमत म्हणजे ती शर्यत आपण केबलवाल्याकडे काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर पाहिली. माझी फेरारी काळी होती. ती लाल असते हे मला पेपरात कळलं.

आता मुद्द्यावर येतो. खरं तर मुद्दा टाळूनच दोन पानं झाली.

२०१३ च्या डिसेंबरात, २९ तारखेला, फ्रान्समधे मेरिबेलला शूमाकर स्कीइंग करताना बर्फावर पडला, डोक्याला मार लागला. तू रात्री फोन केलास. मी काही बोलत नव्हतो, तर तू म्हणालास, "अबे, माझा अॅडलेडहून परत आला होता. १९९५ मधे ट्रॅकवरच गळ्याला भोक पाडून श्वास दिला त्याला. आणि मग दोनदा चॅम्पियन झाला. तुझाही येईल." माझ्याशी इतका चांगला तू कधीच वागला नाहीस. त्या एका वाक्यावर मी दोन-तीन वर्षं काढली. रोज रात्री फोनवर शोधायचो. काही तरी निघेल, कोणी भेटून आलेला बोलेल, एखादा फोटो येईल. काही नाही. घरच्यांनी दार बंद केलं ते केलंच. मला राग यायचा त्याच्या बायकोचा. एवढे आम्ही जगभर वाट पाहतो, दोन ओळी सांगायला काय जातं?

मग २०१६ ला बाबांना लकवा झाला. तू येऊन गेलास तेव्हा ते जरा बरे होते. पहिले आठ दिवस तू पाहिले नाहीस. अख्खं गाव आलं. प्रेमानंच आलं, नावं कशाला ठेवू. पण जो यायचा तो खाटेजवळ वाकून विचारायचा, "मले ओळखलं का? सांग बरं मी कोन?" एकामागं एक. सरपंच झाला, दूधवाला झाला, चुलत्यांची सगळी फळी झाली. बाबांना नाव आठवायचं, ओठात यायचं नाही, आणि डोळ्यांतून पाणी. लोक बाहेर जाऊन सांगायचे, नाही ओळखलं बा मले. आठव्या दिवशी आईनं दाराला आतून कडी घातली. म्हणाली, "बस. आता कोनी येऊ नका पाहाले." गावात तिला गर्विष्ठ म्हणाले, अजून दोन घरं बोलत नाहीत.

त्या रात्री मी सवयीनं फोन काढला, त्याचं नाव टाईप केलं, आणि हात थांबला. आत खाटेवर बाबा, दाराला कडी, आणि मी ओट्यावर बसून दुसऱ्याच्या दाराच्या फटीतून पाहायला निघालो होतो. सरपंच तरी दारातून आला होता. तेव्हापासून शोधलं नाही. एकदाही नाही. फक्त ३ तारखेला पेढे. काकांना एक, आईला एक, बाबा होते तोवर बाबांना अर्धा.

मला वाटत होतं, ही माझी कडी. मी त्याला एकटं सोडलं, हे मोठं केलं. पण आता रात्री झोप लागत नाही ती याच्यामुळं, की ती कडी होती की हळूहळू विसरणं होतं? न शोधता शोधता माणूस न आठवण्यापर्यंत येतो का? बाबांचं श्राद्ध मी विसरणार नाही, कारण ते लक्षात ठेवायला आई आहे, भाऊकी आहे, कावळेसुद्धा आहेत. याचं लक्षात ठेवायला या गावात फक्त मी होतो. आणि त्यात तो आहे, जिवंत आहे, छप्पन्न वर्षांचा झाला. ९१ शर्यती जिंकलेला माणूस. कापसाच्या ओलाव्यात वाहून गेला माझ्या डोक्यातून.

बायकोला सांगितलं तर ती म्हणे, तुम्ही माझा वाढदिवस गेली चार वर्षं विसरता. त्यावर काय बोलणार.

आपण दिल्लीला शर्यत पाहायला गेलो होतो ते काल आठवत बसलो. २०११, दिवाळी आटोपल्यावर, सोयाबीनचे पैसे खिशात, जनरलच्या डब्यात वर्ध्याहून उभे. आणि माझा देव आला तो चंदेरी गाडीत, मर्सिडीजमधे. तुझ्या हॅकिनेनच्याच रंगात. तू हसून हसून खाली बसलास. पाचवा आला. मी रडत होतो ते धुळीनं नव्हतं, आता सांगतो. शुक्रवारी सरावात ट्रॅकवर कुत्रं आलं होतं, त्यावर तू म्हणालास, हे मात्र आपल्या गावचं वाटते. २००६ ची ब्राझीलच्या शर्यतीची रात्रही तशीच, दिवाळीत भारनियमन, केबलवाल्याचा इन्व्हर्टर बसलेला, आणि आपण बाबांच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून लावली. पंक्चर होऊन सगळ्यांच्या मागं गेलेला माणूस चौथा आला. सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला नाही. बाबांनी मला मारलं, तुला चहा दिला. हा अन्याय मी विसरलेलो नाही, बघ, काही गोष्टी पक्क्या लक्षात आहेत.

तुझं चाकणचं कसं आहे? शिफ्ट बदलली का? पोरगी दहावीला ना यंदा, तिला म्हणावं गणित सोडू नको. फ्लॅटचे हप्ते किती राहिले ते विचारत नाही. काकूंना नमस्कार, तिळगूळ घरी आलास तरच. हॅमिल्टन यंदापासून फेरारीत, यावर तुझं मत काय आहे ते मला माहीत आहे, लिहू नको.

हो, काकांचं राहिलं. मी टपरीसमोर तसाच उभा, तर ते पट्ट्याला शेवटचा टाका घालत म्हणाले, "तारीख हुकली तं तिथी पाय ना बे. आपल्याकडं कोनाचा वाढदिवस तारखेनं असते?" मी हसण्यावारी नेलं. घरी आलो, पोट्ट्याला सांगितलं, त्यानं फोनवर १९६९ चं पंचांग काढलं. ३ जानेवारी १९६९ ला पौष पौर्णिमा होती.

ती उद्या आहे, सोमवारी. आज पौषातला रविवार, आईचा उपास, तिला आत्ताच सांगितलं तर म्हणाली, पौर्णिमेला जन्मलेला हाये का तो, मंग दूधही ने काकासाठी.

पेढ्याचे अर्धे पैसे तुझ्याकडे, दरवर्षीसारखे. २०१९ पासूनचे बाकी आहेत.

तुझा,
शूम्या