मंत्रीमहोदय, आकडा सांगितलात, आता छेदही सांगा

मा. मंत्रीमहोदय,
शिक्षण आणि कौशल्य विकास खातं

नमस्कार. तुमच्या खात्याच्या ऑनलाइन डेटा अ‍ॅनालिसिस स्कॉलरशिपमधून मी कोर्स पूर्ण केलाय, सर्टिफिकेटही आलंय, म्हणजे तुम्ही भाषणात 'एवढ्या तरुणांना डेटा स्किल्स दिली' असा जो आकडा सांगता त्यात मीपण आहे. त्यामुळे हे पत्र कोर्स न जमलेल्या कुणाची चिडचिड आहे असं समजून बाजूला सारू नका प्लीज. मला फायदा झालाय, खरंच झालाय, आणि तिथे जे शिकले तेच वापरून तुम्हाला एक प्रश्न विचारायचाय. त्या आकड्याचा छेद किती?

अंश सगळ्यांना पाठ झालाय, सर्टिफिकेटं किती वाटली ते. पण अर्ज किती आले, निवड किती जणांची झाली, त्यातल्या किती जणांनी एकदातरी लॉगिन केलं, पहिली क्विझ किती जणांनी दिली आणि मग कुठल्या मॉड्यूलला किती जण गळाले, हे कुठेही दिलेलं नाहीये. मी शोधलं. वेबसाइटवर फोटो भरपूर आहेत.

छेद बदलला की गोष्ट किती बदलते याचं उदाहरण ऑनलाइन कोर्सेसमधलंच देते. जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-वालिएंते या दोन संशोधकांनी हार्वर्ड आणि एमआयटीच्या, एडएक्स या ऑनलाइन शिकायच्या साइटवरच्या कोर्सेसचा डेटा तपासला, २०१९ मध्ये 'सायन्स' जर्नलमध्ये ते छापून आलं. २०१७-१८ साली नाव नोंदवलेल्या सगळ्यांना धरलं तर कोर्स पूर्ण करणारे निघाले ३.१३ टक्के, आणि फक्त पैसे भरून व्हेरिफाइड झालेल्यांना धरलं तर ४६ टक्के. कोर्स तेच, साल तेच. आता आम्ही स्कॉलरशिपवाले यात कुठे बसतो सांगा बरं, आम्ही पैसे भरलेले नाहीत पण नुसतं सहज बघायला आलेलेही नाही, अर्ज केला, चाचणी दिली, निवडून आलो. आमचं प्रमाण या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असेल असा माझा अंदाज, पण अंदाजच, कारण डेटा तुमच्याकडे आहे.

आधी चांगलं सांगते, नाहीतर अन्याय होईल. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, मला या कोर्सने शिकवली आणि त्यातलं 'ग्रुप बाय', म्हणजे ओळींचे गट करून गटागटाचा हिशोब काढणं, पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा एवढा आनंद झाला की घरातल्या सगळ्यांना लॅपटॉपसमोर बसवून दाखवलं, कुणाला काही कळलं नाही ती गोष्ट वेगळी. शिकवणाऱ्या मॅडम जबरदस्त होत्या. अ‍ॅन्सकोम नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली केलेले ते चार डेटासेट त्यांनी दाखवले, प्रत्येकात ११ बिंदू, चारही ठिकाणी सरासरी सारखी, कोरिलेशनही (दोन गोष्टींतला संबंध मोजणारा आकडा) सारखं, आणि ग्राफ काढला की चार वेगळीच चित्रं. एक नीट सरळ रेषेच्या आसपास, एक वक्र, आणि उरलेल्या दोघांत एकेका चुकार बिंदूने सगळं फिरवलेलं. तेव्हापासून कुणी नुसती सरासरी सांगितली की माझा हात आपोआप चार्ट काढायला जातो. म्हणजे ही सवय तुमच्याच खात्याने लावलीये.

आता गळालेल्यांबद्दल. आमचा एक अभ्यासाचा ग्रुप होता, सगळे याच बॅचचे. सुरुवातीला रात्री उशिरापर्यंत मेसेज चालायचे, मग हळूहळू कमी झाले आणि शेवटी मोजकेच उरलो. जे गेले ते आळशी नव्हते हो. कित्येकांकडे फक्त मोबाईल होता. अर्जात लिहिलेलं की कोर्स मोबाईलवर करता येईल, आणि व्हिडिओ दिसायचे, क्विझपण सोडवता यायची, त्यामुळे ते खोटं होतं असं म्हणता येत नाही. पण मोबाईलवर क्वेरी, म्हणजे एसक्यूएलमधला प्रश्न, लिहून बघा एकदा. कीबोर्ड सरळ अवतरणचिन्हाचं स्वतःच्या मनाने वाकडं चिन्ह करतो आणि एसक्यूएल एरर देतं, एररमध्ये ते कुठेच सांगितलेलं नसतं, बघताना दोन्ही चिन्हं सारखीच दिसतात, आणि माणसाला वाटतं आपल्यालाच येत नाहीये. माझ्या एका मैत्रिणीने यात संध्याकाळच्या संध्याकाळ घालवली आणि शेवटी सोडून दिलं, तिला गणित माझ्यापेक्षा चांगलं येतं. डॅशबोर्डच्या (सगळे चार्ट एकत्र दाखवणाऱ्या पानाच्या) मॉड्यूलचं सॉफ्टवेअर तर फक्त विंडोजवर चालणारं, आणि बनवलेला डॅशबोर्ड ऑनलाइन टाकायचा तर ऑफिसचा किंवा कॉलेजचा ईमेल हवा, साधा पर्सनल ईमेल चालेना. ज्यांचं कॉलेज संपलंय आणि नोकरी नाहीये अशांसाठीच तर ही योजना होती ना?

शंका विचारायला माणूस नव्हता. एक चॅटबॉट होता, तो कुठल्याही प्रश्नावर त्याच व्हिडिओची लिंक द्यायचा जो बघून प्रश्न पडलेला. असाइनमेंट तपासायचो आम्हीच एकमेकांच्या, म्हणजे तीन जणांनी मार्क दिले की तुम्ही पास. मला माझ्या पहिल्या प्रोजेक्टवर 'नाइस' असा अभिप्राय आणि पूर्ण मार्क मिळाले, त्याच प्रोजेक्टमध्ये एका चार्टचा अक्ष शून्यापासून सुरू होत नव्हता आणि छोटासा फरक डोंगराएवढा दिसत होता, ते मला पुढे मॅडमच्या व्हिडिओतून कळलं. ग्रुपवर तर सरळ सौदे चालायचे, तू माझं तपास मी तुझं तपासतो. मी त्यांना फार दोष देणार नाही, मुदत डोक्यावर असते आणि त्या तारखेला लॉगिन बंद होणार असतं, मग तुम्ही आजारी असा की परीक्षेत असा. मुदतवाढीचं बटण कुठेच नव्हतं.

आणि ही गोष्ट तर मला अजून हसवते. कोर्समध्ये एक धडा होता, फक्त टिकलेल्यांकडे बघून निष्कर्ष काढला की तो कसा चुकतो यावर, त्यावर क्विझमध्ये प्रश्नही होता. आणि फीडबॅक फॉर्म? तो शेवटचं मॉड्यूल पूर्ण केल्यावरच उघडायचा. म्हणजे जे अर्ध्यात सोडून गेले त्यांना कुणी काही विचारलंच नाही, आणि मग तुमच्या अहवालात समाधानी विद्यार्थ्यांची टक्केवारी छान येणारच. त्यात मी दिलेले चार स्टारपण आहेत.

दुसरं म्हणजे डेटा. आम्ही ज्यावर सराव केला तो सगळा आधीच धुऊन पुसून ठेवलेला, जगभर शिकणारे वापरतात तोच, टायटॅनिकचे ८९१ प्रवासी आणि आयरिसची १५० फुलं. फुलांचा डेटा तर १९३६ पासून फिरतोय. शिकायला बरा आहे, नाही असं नाही. पण खरं काम असं नसतं. एक्सेल मार्च१, सेप्ट१ अशा जनुकांच्या नावांच्या परस्पर तारखा करून टाकायचं, इतका त्रास झाला की शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी त्या जनुकांची नावंच बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ पॉझिटिव्ह केसेस रोजच्या आकड्यातून गायब झाल्या, कारण फाईल जुन्या एक्सेल फॉरमॅटमध्ये होती आणि त्यात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावतच नाहीत, वरचं सगळं गुपचूप कापलं गेलं आणि त्या लोकांच्या संपर्कातल्यांना शोधायला उशीर झाला. एवढा मोठा घोळ, आणि कारण इतकं साधं. आम्हाला मशीन लर्निंगची तोंडओळख करून दिली पण ओळी मोजून बघा, आल्या तेवढ्याच गेल्या का तपासा, हे कुणी शिकवलं नाही. सरकारी खात्यांना नेमकी याच कामाला माणसं लागतात असं मला वाटतं, मग तुमच्याच खात्यांचा खरा, अस्ताव्यस्त डेटा आम्हाला प्रोजेक्टला द्यायला काय हरकत आहे? चुका सापडल्या तर फायदा तुमचाच.

विद्यार्थ्यांना काय सापडणार असं कुणी म्हणेल म्हणून हे सांगते. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामांकित अर्थतज्ज्ञांनी पेपर लिहिला की देशाचं कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांच्या वर गेलं की अर्थव्यवस्थेची वाढ कोसळते, आणि मोठमोठ्या नेत्यांनी खर्च कपातीसाठी त्याचा हवाला दिला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात, अ‍ॅमहर्स्टला, थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याला क्लासचा गृहपाठ होता, एखाद्या पेपरचे आकडे स्वतः काढून बघा. त्याचे जुळेनात. त्याने लेखकांकडे फाईल मागितली, त्यांनी एक्सेल शीट पाठवली, आणि उघडून बघतो तर सरासरीच्या फॉर्म्युल्यात पाच देश निवडायचेच राहिलेले. काही वर्षं वगळलेली आणि देशांना वजन देण्याची पद्धत हे मुद्दे वेगळे, ते सगळं धरून त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी २०१३ मध्ये दाखवलं की ९० टक्क्यांवर कर्ज असताना वाढीची सरासरी उणे ०.१ टक्के नाही तर अधिक २.२ येते. मला यात विद्यार्थ्याइतकंच कौतुक त्या दोघा लेखकांचं वाटतं, त्यांनी फाईल दिली.

तर मला तुमच्याकडून हवंय ते तेवढंच, फाईल. या स्कॉलरशिपची. प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ, त्यात निवड झाली की नाही, पहिलं लॉगिन कधी, शेवटचं पूर्ण केलेलं मॉड्यूल कुठलं, मोबाईल की कॉम्प्युटर, सर्टिफिकेट मिळालं का, आणि नोकरीचं माहीत असेल तर तेही, कारण आम्हाला प्लेसमेंटची मदत म्हणून बायोडेटाचा एक नमुना आणि जॉब साइट्सच्या लिंका मिळाल्या, त्याला तुम्ही अहवालात काय म्हणताय ते बघायचंय. नुसती नावं काढून टाकलीत म्हणजे झालं असं करू नका मात्र. डेटाच्या गोपनीयतेवर काम करणाऱ्या संशोधक लताण्या स्वीनी यांनी दाखवलंय की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येऊ शकतात. जन्मतारखेऐवजी वयोगट द्या, पत्ता नकोच.

फाईल आली की मी आणि ग्रुपमधले उरलेले मिळून बघू लोक नेमके कुठे गळतात, मोबाईलवाले जास्त गळतात हा माझा अंदाज खरा आहे का, कदाचित नसेलही, तसं निघालं तर तसंच लिहून पाठवीन. पुढच्या बॅचच्या आधी निदान मुदतवाढीचं बटण आणि आठवड्यातून एक तास शंका सोडवणारा जिवंत माणूस एवढं तरी करता आलं तर करा, त्यासाठी अ‍ॅनालिसिसची वाट बघायची गरज नाही. फाईल मात्र पीडीएफमध्ये नको, टेबलाचा स्कॅन केलेला फोटो तर मुळीच नको. साधी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली टेक्स्ट फाईल, चालेल, आणि तारखा आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा द्या.

आपली,
याच स्कॉलरशिपची एक विद्यार्थिनी