संकष्टीच्या ओहोटीला कुलाबा

ती. आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे सगळे फोनवरही सांगता आले असते. पण फोनवर बाबा "बघू" म्हणतात, आई "कशाला एवढी दगदग करतेस" म्हणते आणि विषय तिथेच मिटतो, म्हणून लिहिते आहे. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावर जायचे नक्की केले आहे. माघ वद्य चतुर्थीला, म्हणजे संकष्टीला जायचे आणि आदल्या दिवशी दुपारीच अलिबागला पोहोचायचे. खोली ठरवून पैसेही भरले आहेत, आणि किनाऱ्यावरून किल्ल्यापर्यंत आपण घोडागाडीने जाणार आहोत, जातानाही आणि येतानाही. हे वाक्य वाचून बाबांनी पत्र खाली ठेवले असेल, तर पुढचे आईने मोठ्याने वाचावे.

आई, जायचे तर माघी गणेशजयंतीलाच, असे तू कितीदा म्हणालीस ते मला आठवते, आणि तुझी इच्छा मी बाजूला सारली असे कृपा करून समजू नकोस. त्या दिवशी किल्ल्यात यात्रा असते. सगळे अलिबाग आणि आसपासची गावे त्या दोन-तीन तासांच्या ओहोटीत जाऊन परत यायला पाहतात. देवळापुढच्या रांगेत तुला किती वेळ उभे राहावे लागेल ते सांगता येत नाही, आणि रांग लांबली तरी पाणी काही आपल्यासाठी थांबत नाही. तुझ्या गुडघ्यांना घाई नको आहे. संकष्टी हीसुद्धा गणपतीचीच तिथी आहे, आणि मुख्य म्हणजे समुद्राच्या हिशोबात ती गणेशजयंतीसारखीच आहे.

हा हिशोब बाबांचाच आहे. तिथीला पाऊणने गुणायचे की भरतीची वेळ निघते, पक्ष शुद्ध असो की वद्य. चार पाऊणे तीन. म्हणजे चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी नऊच्या आसपास पूर्ण ओहोटी. पाऊणकी पाठ करायला दादा आणि मी किती कुरकुर करायचो, आणि तिचा उपयोग शेवटी मला हाच झाला. तारीख ठरवताना मी इतर तिथीही तपासल्या. पौर्णिमेला उधाण असते, त्यामुळे ओहोटीला पाणी सर्वांत दूर हटते हे खरे. पण ती ओहोटी उजाडण्यापूर्वी आणि नंतर संध्याकाळी येते, आणि अंधारात तुम्हा दोघांना खडकांवर नेण्याची माझी तयारी नाही. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे ओहोटी भर दुपारी बाराला, आणि त्यातही भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याचे, दिवस असल्यामुळे पाणी पुरते हटत नाही, वाटेत कुठेतरी साचलेलेच राहते. तृतीया ते पंचमी एवढेच दिवस असे उरतात, की ओहोटी सकाळच्या कोवळ्या उन्हात येते आणि वाळूही चांगली उघडी पडते. छापील वेळापत्रकाशीही मी हे ताडून पाहिले आहे. थोडा फरक सोडला तर बाबांचा हिशोब बरोबर जुळतो. तेव्हा बाबा, तिथी तुमच्याच रीतीने निवडली आहे, हे लक्षात घेऊन घोडागाडीबद्दल थोडे नरमाईने घ्यावे.

कारण घोडागाडीवर माझा आग्रह कायम आहे. आपण सगळे पूर्वी चालत जात होतो, तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पुढे आणि आम्ही मागे, हे मी विसरलेले नाही. त्या मधल्या ओहळापाशी आल्यावर तुम्ही मला खांद्यावर घ्यायचे आणि दादा आपण मोठे झाल्याच्या ऐटीत स्वतः पाण्यात उतरायचा, तेही नाही. (त्याच्या निळ्या बुटाचा विषय मी काढत नाही.) परंतु ती वाट किनाऱ्यावरून दिसते तशी सपाट नाही. सुरुवातीची ओली वाळू चांगली घट्ट असते. पुढे मात्र खडक लागतात, त्यांच्यावर शेवाळ असते, आणि शेवाळ नसेल तिथे कालवांची शिंपले घट्ट चिकटलेली असतात, ज्यांची धार विळीसारखी लागते. आईच्या तळपायांना हल्ली स्पर्श नीट कळत नाही. मागच्या वेळी चप्पल लागून झालेली जखम तिला चार दिवसांनी दिसली आणि ती भरायला किती आठवडे गेले, हे तुम्हीच मला सांगितले होते. कालवाने कापलेले तिला कळणारसुद्धा नाही, आणि समुद्राच्या पाण्यात ती जखम उघडी राहील. तुमच्या बाबतीत मला भीती पायांची नाही, तोलाची आहे. दिवाळीत न्हाणीघरात जे झाले ते ओल्या फरशीवर झाले होते, आणि खडकावरच्या शेवाळापुढे ती फरशी काहीच नव्हे. हे मी तुम्हाला म्हातारे ठरवण्यासाठी लिहीत नाही. चालण्यात जी शक्ती खर्च होईल ती किल्ल्यात फिरण्यासाठी राहावी, एवढाच माझा हेतू आहे.

गाडीची पायरी उंच असते, हे मला माहीत आहे. आपल्या स्वयंपाकघरातले ते लाकडी स्टूल मी सोबत घेणार आहे, आणि चढताना घोडा मध्येच हलू नये म्हणून एक माणूस लगाम धरून उभा राहील, असे गाडीवाल्यांशी बोलणे झाले आहे. आईने पुढे बसावे, तिथे हादरे कमी लागतात. साडेसात-आठच्या दरम्यान किनारा सोडला, तर पाणी अजून मागे हटत असतानाच आपण महादरवाजाशी पोहोचू, आणि साडेदहाच्या आत परत निघालो, तर भरतीचे पाणी वाटेवर चढायच्या आधी आपण वाळूवर असू. गाडीवाले म्हणतील तेव्हा उठायचे, हे मात्र ठरलेले. बाबा तटावरून "अजून वेळ आहे" म्हणाले, तर त्या दिवशी ते ऐकले जाणार नाही.

किल्ल्यात काय पाहायचे आणि काय सोडायचे याचाही मी विचार केला आहे. दरवाजावरचे कोरलेले हत्ती आणि मोर पाहताना बाबा 1721 चा मोर्चा सांगतील, इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन या किल्ल्यावर कसे चालून आले आणि कान्होजी आंग्र्यांनी त्यांना हात हलवत कसे परत धाडले. त्यासाठी पाऊण तास राखून ठेवला आहे. सांगताना बसायला घडीची खुर्ची असेल. 1680 मध्ये शिवाजी महाराजांनी हा किल्ला बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला, तेही सांगायचे राहू देऊ नका, माझ्या मुलीने ते तुमच्या तोंडून ऐकलेले नाही. तिला तटाचे दगडही तुम्हीच दाखवायचे. चुना न भरता नुसते एकावर एक रचलेले ते अजस्र चिरे, आणि त्यांच्या फटीत तुम्ही माझा हात कोपरापर्यंत घालायला लावला होता, लाट आत शिरून तिथल्या तिथे कशी विरते हे कळावे म्हणून. आत बोटांना गारवा आणि खारट ओल लागली होती, आणि कुठलासा खेकडा सळसळत गेल्यावर मी जी किंचाळले ती ऐकून देवळातले गुरवही बाहेर आले होते.

शेजारच्या छोट्या किल्ल्याकडे, सर्जेकोटाकडे, जायचे नाही. मधली वाट निखळलेल्या दगडांची आहे आणि तिथे आधाराला काही नाही. उत्तरेकडच्या चाकांवरच्या तोफांपर्यंत मात्र सावकाश जाता येईल. त्यांच्यावरची यॉर्कशायरच्या कारखान्याची इंग्रजी अक्षरे बाबांनी माझ्याकडून एकेक वाचून घेतली होती, तशीच आता नातीकडून वाचून घ्यावी. तिला अजून इंग्रजी नीट वाचता येत नाही, पण तोफेवर चढायचे आमिष दाखवले की ती वाचेल. (चढू द्यायचे नाही.)

आई, देवळात मात्र तुला हवा तेवढा वेळ आहे. 1759 मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेले ते गणेशपंचायतन सकाळी फार शांत असते, आणि गर्दीच्या दिवशी जे तुला कधीच जमले नाही ते, म्हणजे अथर्वशीर्षाची तुझी पूर्ण आवर्तने, तिथे बसून करता येतील. देवळाजवळच्या गोड्या पाण्याच्या पुष्करणीच्या पायऱ्या तू उतरायच्या नाहीस. पाय धुवायला पाणी मी वर आणून देईन. भर समुद्रात गोडे पाणी कसे, हा प्रश्न मी दरवेळी विचारायची आणि दरवेळी तू म्हणायचीस, "देवाला विचार, मला काय विचारतेस." आता नात विचारेल, तेव्हा कृपया बाबांकडे पाठवू नकोस, ते भूगर्भापासून सुरू करतील.

राहण्याची काळजी करू नका. खोली तळमजल्यावर आहे, कमोड आहे, न्हाणीघरात धरायला दांडी आहे. ती मी स्वतः जाऊन हलवून पाहिली. पहाटे पाचला गरम पाणी मिळेल. चहा त्या काकूंकडून बिनसाखरेचा मिळेल, पण आईला आले किसून हवे असते हे त्यांना सांगून ठेवले आहे. उपासाला रताळी आणि भगर करून देणार आहेत, आणि रात्री चंद्रोदयानंतर नैवेद्याला उकडीचे मोदक. बाबांना दुपारी वालाचे बिरडे आणि तांदळाची भाकरी, कारण संकष्टीचा उपास ते कधी धरत नाहीत आणि आताही धरायचा नाही. परतताना पांढऱ्या कांद्याच्या माळी घेऊ. त्यासाठी गाडीची डिकी रिकामी ठेवली आहे, नाहीतर मागच्यासारखा सगळा रस्ता कांदे आईच्या मांडीवर.

आता काही गोष्टी, ज्या ऐकायच्याच आहेत. आईने उपासाच्या दिवशी साखरेच्या गोळ्यांचे काय करायचे ते आधी डॉक्टरांना विचारून घ्यावे, स्वतःच्या मनाने अर्धी गोळी करू नये. मी येण्यापूर्वी त्यांची चिठ्ठी तयार पाहिजे. चंद्रोदय रात्री उशिरा असतो, तोवर नुसत्या पाण्यावर राहायचे नाही. बाबांची लघवी जास्त होणारी रक्तदाबाची गोळी सकाळी निघताना घ्यायची की परत आल्यावर, हेही त्याच भेटीत विचारावे. किल्ल्यात सोय नाही आणि मग तुम्ही मुद्दाम पाणी पीत नाही, हे मला माहीत आहे. दोघांनीही पट्ट्याचे, मागून बंद असलेले बूट घ्यावेत. लक्ष्मी रोडवरून नव्हे, जिथे बसून घालून पाहता येतात तिथून, आणि घरात चार दिवस वापरून मगच आणावेत. काठी आणायची. काठीला लाज कसली, कान्होजींच्या किल्ल्यात काठी घेऊन आलात म्हणून तुमचे आरमार बुडणार नाही.

एस.टी.ने येण्याचा विचार बाबांनी सोडून द्यावा. स्वारगेटहून सरळ गाडी मिळते हे बरोबर आहे, पण वडखळला किती वेळ अडकायला होते ते तुम्हीच मला कित्येकदा सांगितले आहे. आम्ही तृतीयेच्या सकाळी पुण्याला येतो, खोपोली-पेणवरून सावकाश जाऊ, आणि पेणला थांबून चहा घेऊ. दादाला वेळ कळवली आहे. तिकडे तेव्हा मध्यरात्र असेल, तरी तो देवळातून फोन लावायचा म्हणतो आहे. तिथे फोनची रेंज मिळेलच असे नाही, त्यामुळे नाही लागला तर आई, तू हिरमुसू नकोस, संध्याकाळी खोलीवरून निवांत बोलू.

बाबा, पुढच्या वर्षी पाय कसे आहेत ते पाहून चालत जाण्याचे बोलू, मी नाही म्हणत नाही. यंदा मात्र घोडागाडी. तुम्ही पाकिटावर पत्ता लिहिताना अजून "जिल्हा कुलाबा" लिहिता आणि पोस्टमन ते मुकाट्याने चालवून घेतो. 1981 पासून रायगड झाला तरी. तेवढाच समजूतदारपणा माझ्याबाबतीत तुम्ही दाखवावा.

उत्तर लिहिले नाही तरी चालेल, पण डॉक्टरांकडे कधी जाणार तो वार तेवढा आजच कळवा.

तुमची,
चिमी