टायफूनच्या बातमीत विजेलाही जागा हवी

संपादक महोदय,

टायफून फिलिपिन्स, तैवान किंवा जपानच्या किनाऱ्याला धडकतो तेव्हा बातमीत वाऱ्याचा वेग, पाऊस, लाटांची उंची असं सारं येतं. विजेचा उल्लेख मात्र क्वचितच. केंद्राभोवतीच्या ढगांच्या भिंतीत वारा सर्वांत भयंकर असतो, पण विजा तिथे बहुधा कमीच. वीज निर्माण व्हायला बर्फाचे स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आदळाव्या लागतात, शून्याखालीही न गोठलेले थेंब लागतात. हे सगळं उंचावर धरून ठेवणारे जोरकस ऊर्ध्व प्रवाह बाहेरच्या पाऊसपट्ट्यांत जास्त सापडतात. हे पट्टे केंद्रापासून दोनतीनशे किलोमीटर दूरही असू शकतात. म्हणजे ‘वादळ अजून लांब आहे’ असं समजून कुणी होडी वाळूवर ओढत असतो, कुणी छपराला दोर बांधत असतो, तेव्हाच वीज त्यांच्या डोक्यावर असते. मला याचीच काळजी वाटते.

केंद्राजवळ एकाएकी विजा वाढल्या, तर ती वादळाची तीव्रता बदलत असल्याची खूण असू शकते (दर वेळी असतेच असं नाही). रेडिओ लहरींवरून विजा टिपणारी यंत्रणा भर समुद्रातल्या विजाही नोंदवते. पुढच्या टायफूनच्या नकाशासोबत या नोंदीही छापाव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक नियमित वाचक