मुलांना खेळायला पाठवू नका, घेऊन जा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्टी जवळ आली की पेपरात स्केटिंग, स्विमिंग, कराटेच्या शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात आणि आमच्या बालवाडीच्या गेटवर पालक विचारायला लागतात, मॅडम याला कुठल्या क्लासला घालू, घरी नुसता मोबाईल घेऊन बसतो. मी त्यांना विचारते, तुम्ही दोघं त्याच्याबरोबर काय खेळता? बऱ्याच जणांना वाटतं मी मस्करी करतेय पण मी अगदी मनापासून विचारत असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांप्रमाणे 3-4 वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून निदान 180 मिनिटं हालचाल व्हायला हवी, त्यातली 60 मिनिटं तरी चांगली धावपळीची, आणि स्क्रीन जास्तीत जास्त एक तास. आता आठवड्यातून तीनदा तासभराचा क्लास लावला तरी रोजचे तीन तास कसे भरणार? ते घरातच भरतात, जिन्यात, गच्चीवर, भाजी आणायला चालत जाताना. आणि तिथे मूल मोठ्यांचं बघून करतं. आमच्याकडे भातुकली चालू असते तेव्हा एक जण ठोकळा कानाला लावून तासन् तास फोनवर बोलतो, शेजारी एक मुलगी सतरंजीवर पालथी पडते, हातावर जोर देऊन मान वर करते आणि सगळ्यांना सांगते, माझी आज्जी रोज असं करते. मग बाकीचे तिच्या मागे सूर्यनमस्कार घालतात, आम्ही कोणीच शिकवलेले नसतात.

हे फक्त माझं निरीक्षण नाही. अमेरिकेतलं फ्रेमिंगहॅम हे गाव हृदयविकाराच्या अभ्यासामुळे डॉक्टर लोकांना चांगलं माहीत आहे, तिथल्याच 4 ते 7 वर्षांच्या 100 मुलांना आणि त्यांच्या आईवडलांना हालचाल मोजणारं यंत्र लावून बघितलं होतं, निष्कर्ष 1991 मध्ये छापून आले. आई भरपूर हालचाल करणारी असेल तर मूलही तसं असण्याची शक्यता दुप्पट, वडील असतील तर साडेतीन पट, आणि दोघंही असतील तर 5.8 पट. इंग्लंडमध्ये साउदम्पटनला 554 आया आणि त्यांच्या 4 वर्षांच्या मुलांवर असाच अभ्यास झाला, तो 2014 चा, त्यातही जास्त हलणाऱ्या आईचं मूल जास्त हलताना दिसलं. आता आई मुलाला पळवते की मूल आईला हे त्यातून ठरत नाही, पण मला तर वाटतं दोन्ही खरं असेल आणि त्यात दोघांचा फायदाच आहे.

आपल्याकडची परिस्थिती काय तर 2024 मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार भारतातली जवळपास निम्मी मोठी माणसं पुरेशी हालचालच करत नाहीत, बायकांमध्ये तर 57 टक्के. म्हणून कृपया हे वाचून घरोघरी आयांना बोलणी नकोत! सकाळचा डबा, ऑफिस, परत आल्यावर स्वयंपाक, तिला बाहेर पडायला वेळ कुठून मिळणार. वडलांनी संध्याकाळी पोळ्या लाटायला घेतल्या तर तिला अर्धा तास मिळेल, किंवा वडलांनीच मुलाला घेऊन खाली जावं, वरचा साडेतीन पटीचा आकडा त्यांच्यासाठीच आहे.

दोष सगळा पालकांचाही नाही. आमच्या भागातल्या गार्डनमध्ये खेळायच्या जागेत फक्त मुलांना प्रवेश असा बोर्ड आहे, मोठ्यांसाठी बाहेर बाकडी, मग मोठे बसतात आणि बसले की मोबाईल निघतोच. झोपाळे मोडतात म्हणून मोठ्यांना बंदी हे समजू शकते, पण शेजारी नुसती मोकळी जागा सोडा ना, लगोरी, लंगडी, डबा ऐसपैस याला काय खर्च येतो. आणि गार्डन रात्री आठला बंद होतं, नोकरी करणारा माणूस घरी पोचतो साडेसातला. निदान उन्हाळ्यात तरी ते नऊ साडेनऊपर्यंत उघडं ठेवावं, आतले दिवे चालू करावेत आणि गार्डनपर्यंत चालत जाता येईल असा फूटपाथ गाड्यांपासून मोकळा करून द्यावा, एवढी मागणी महापालिकेपर्यंत आपण पोचवावी ही विनंती. आणि आपल्या सुट्टीच्या पुरवणीत शिबिरांच्या यादीबरोबर आईबाबांनी मुलांसोबत खेळायच्या खेळांना अर्धं पान द्या, नियमांसकट, कारण लगोरीचे नियम आता बऱ्याच तरुण पालकांनाच माहीत नाहीत.

आपली,
एक बालवाडी शिक्षिका, नाशिक