कॅमेरे राहू द्या, पण स्पीड लिमिटचा बोर्ड आधी नीट दिसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरच्या कॅमेऱ्यांबद्दल सगळीकडे दोनच सूर ऐकू येतात, एक म्हणतो ही सगळी वसुली आहे आणि दुसरा म्हणतो नियमात चालवा, चलान पडणारच नाही. निगडी ते पनवेल कामासाठी माझं गाडीने सतत जाणं-येणं असतं आणि मला हे दोन्ही अर्धवट वाटतं, म्हणून हे पत्र.

आधी स्पष्ट सांगतो, कॅमेरे हवेतच. याच रस्त्यावर २०१६ साली १५१ माणसं गेली होती. पुढे हा आकडा खाली आला तो कठडे, वायर रोप, बोर्ड, अॅम्ब्युलन्स आणि कारवाई हे सगळं एकत्र केल्यामुळे, नुसत्या आवाहनांनी नाही. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातात १,६८,४९१ लोक गेले आणि त्यातले ७१ टक्के मृत्यू ओव्हरस्पीडिंगखाली नोंदले गेलेत, त्यामुळे "वेगाने काही होत नाही हो, चालवता आली पाहिजे" असं म्हणणाऱ्यांशी मी वादच घालत नाही. आणि वाचतं तरी किती? अख्खा एक्सप्रेसवे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा, १०० ने गेलात तर ५७ मिनिटं आणि सगळा रस्ता मोकळा मिळून १२० ने गेलात तर ४७, म्हणजे जीव मुठीत धरून जेमतेम दहा मिनिटं, ती पण खंडाळ्याच्या जॅममध्ये जातातच. काही जण म्हणतात गाडीचा मीटर चुकीचा दाखवतो म्हणून चलान आलं, पण मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणारच नाही असाच बनवावा लागतो, थोडा जास्तच दाखवतो, तेव्हा काट्यावर १०० असेल तर तुम्ही बहुतेक त्याच्या आतच असता.

आता माझी तक्रार. कारला सपाट रस्त्यावर १०० आणि घाटात ६०, जड वाहनांना ८० आणि घाटात ४०. आकडे ठीक आहेत, माझं भांडण आकड्यांशी नाहीच. पण मुंबईकडे उतरताना १०० च्या वेगात असलेल्या माणसाला ६० वर यायचंय हे किती आधी कळतं? तिथे ८० चा टप्पा हवा, मोठ्या अक्षरात, रात्री आणि पावसात धुक्यात दिसेल असा, आणि रस्त्यावरही आकडा रंगवलेला हवा. एखाद्या टँकरच्या मागे असलं की डावीकडचा बोर्ड दिसतच नाही आणि मग पुढची गॅन्ट्री, म्हणजे रस्त्यावरची कॅमेऱ्यांची आडवी कमान, दिसली की सगळे कचकन ब्रेक मारतात, मागचा पण मारतो, आणि गॅन्ट्री गेली की परत पाय खाली. उतारावर तीन लेनमध्ये असे एकदम ब्रेक लागणं किती वाईट ते रोज घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या कुणालाही विचारा. यावर उपाय आहे, दोन गॅन्ट्रींमध्ये लागलेल्या वेळेवरून सरासरी वेग काढायचा आणि चलान त्यावरच द्यायचं, म्हणजे एका जागी ब्रेक मारून कुणी सुटणार नाही आणि ओव्हरटेक करताना क्षणभर ६४ झालेला माणूस अडकणार पण नाही.

कायद्यातही हे लिहिलेलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये २०२१ ला १६७-अ हा नियम आला, त्यात कॅमेऱ्याच्या पट्ट्याआधी ठळक सूचना फलक लावा, यंत्राचं प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने घ्या आणि चलानची नोटीस १५ दिवसांच्या आत पाठवा असं म्हटलंय. माझ्या ओळखीच्या एका टेम्पोवाल्याला चार चलानं एकदम कळली, ती पण पीयूसी काढायला गेला तेव्हा, मेसेज जुन्या बंद नंबरवर जात होते. नंबर अपडेट करणं त्याचं काम होतं हे मान्य, पण पहिलं चलान वेळेत हातात पडलं असतं तर पुढची तीन झाली नसती, आणि चलान मुळात त्यासाठीच असतं ना? असे साचले की माणूस भरतच नाही, लोक अदालतीत सूट मिळेल म्हणून बसून राहतो आणि वेग तोच राहतो.

ट्रकवाल्यांबद्दल पण लिहायला हवं कारण कारवाले त्यांना सरसकट दोष देतात. जुलै २०२५ मध्ये वाहतूकदारांनी ई-चलानविरुद्ध संप केला तेव्हा घाटातल्या ४० च्या लिमिटवर पण खूप बोललं गेलं. लोड गाडी लहान गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर उतरवली तर ४० मध्ये राहते, पण डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडली की ब्रेक तापतात आणि मग काहीच हातात राहत नाही. ४० मागचं हे कारण ड्रायव्हरला त्याच्या भाषेत, घाट सुरू व्हायच्या आधी, हिंदीत मराठीत बोर्ड लावून सांगा. नुसता आकडा लिहिला की तो माणूस आकड्यावरच चिडतो.

आमच्या पुण्यात नवले पुलाचा उतार बघा. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका जड वाहनाने तिथे एकापाठोपाठ अनेक गाड्या ठोकल्या, नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा भयंकर अपघात होऊन ८ जण गेले आणि मग ६० चं लिमिट घाईघाईने खाली आणलं. लिमिट कमी करायला माझा विरोध नाही, ६० ऐवजी ८० ने चाललेल्या गाडीला थांबायला नुसत्या ब्रेकचंच अंतर पावणेदोन पट लागतं. पण कात्रजच्या नव्या बोगद्यापासून खाली येणारा तो लांब उतार तसाच ठेवून, सर्व्हिस रोडचं तसंच ठेवून, फक्त कॅमेरा आणि नवा आकडा लावायचा याने काम झालं असं समजू नये. शहरातल्या आतल्या रस्त्यांवर तर स्पीड लिमिट किती आहे हे पोलिसांखेरीज किती जणांना माहीत असेल? शाळेच्या गेटसमोर आणि बायपासला लागणाऱ्या चौपदरी रस्त्यावर दोन्हीकडे बोर्डच नाही, आणि बोर्ड नाही तिथे वेग मोजणारी पोलिसांची इंटरसेप्टर व्हॅन झाडाआड उभी असते. उलट ती उघड्यावर उभी करा, लांबून दिसू दे, लोक तिथेच हळू होतील.

तुमच्या वार्ताहराने संबंधित खात्यांना तीन गोष्टी विचारून छापाव्यात अशी विनंती आहे. प्रत्येक कॅमेऱ्याचं प्रमाणपत्र कुठल्या तारखेपर्यंत आहे, प्रत्येक पट्ट्याचं लिमिट कुणी आणि कसल्या पाहणीवरून ठरवलं, आणि चलानातून जमलेल्या पैशातले घाटातल्या बोर्ड, दिवे, कठड्यांवर किती गेले. उत्तरं आली तर पहिल्या पानावर छापा, नाही आली तर तेही छापा.

आपला,
एक वाचक व कारचालक,
निगडी