बंब मीच विकला

ती. आई-बाबा,
सा. न.

तीन रविवार झाले, फोन लावला की आई "बाबांकडे देते" एवढंच म्हणते. म्हणून लिहायला बसले. आई, तुझा संशय खरा आहे. आपला पाणी तापवायचा बंब मोडीत मीच घातला. पाडव्याला आले होते, तुम्ही दोघं गणपतीला गेला होतात, त्या तासाभरात. साडेअकरा किलो भरला. सहा हजार चारशे रुपये आले, ते फडताळात पंचांगामागच्या पाकिटात ठेवलेत. तुझे आहेत, मोजून घे.

आता कारणं सांगते. त्याचं बूड गळत होतं, दोनदा डाक लावूनही. २०१९ च्या पुरात नळीत गाळ बसला, त्यानंतर एकदाही तो पेटलेला नाही. आता राहायला जायचं त्या विश्रामबागच्या ब्लॉकात धूर करायला कोण देणार? तिथे गीझर आहे, तोटी फिरवली की कढत पाणी. शिवाय पुढच्या आठवड्यात अक्षय्य तृतीया, त्यानंतर दोन दिवसांनी टेम्पो येणार, आणि आपल्या तीन ढिगांतला "बघू"चा ढीग सगळ्यात मोठा. न्यायचं, द्यायचं, बघू. "बघू"मध्ये श्रीखंडाचे सतरा डबे आहेत, आई! त्यातल्या चारांना झाकणं नाहीत.

बाबा म्हणाले, तू त्यांच्याजवळ बोललीस, "नदीनं नेलं त्याचं काही नाही, तिला बोलता येत नाही. हिला येत होतं ना?" हे ऐकल्यापासून वरची सगळी कारणं मला स्वतःलाच पोकळ वाटायला लागली आहेत. खोडत मात्र नाही, कारण ती खोटी नाहीत.

तो बंब काय होता हे मला कळत नाही असं समजू नकोस. दहावीला पहाटे त्याच्या उबेला टेकून मी भूगोल पाठ केला, तू करवंट्या सारत शेजारी बसायचीस. दिवाळीत पहिलं पाणी कुणाचं यावरून दादानं माझी वेणी ओढली होती. आणि ईराच्या वेळी, त्या सततच्या पावसात, तिची दुपटी तू त्याच्यावर धरून वाळवलीस. विकताना यातलं काही आठवलं नाही, हेच खरं वाईट. तेव्हा फक्त यादीतली एक ओळ कमी झाल्यासारखं वाटलं.

पण घर बदलायचं ते बदलायचंच. टोकन दिलंय, त्यावर आता चर्चा नको. बाबा, माजघराच्या भिंतीवर तुम्ही पेन्सिलनं मारलेल्या तीन रेघा बघा. २००५ ची कमरेशी, २०२१ ची तिच्या जरा वर आणि २०१९ ची तुमच्या डोक्याच्याही वर. सांगलीत कृष्णेच्या आयर्विन पुलाशी ४५ फुटांना धोका म्हणतात, त्या वर्षी ५७ च्या पुढे गेलं. कोयनेतून किती सोडलं हे वहीत लिहून पाणी थांबत नाही हो. बोटीत चढताना आईचा गुडघा आखडला होता, आणि मी पुण्यात टीव्हीसमोर. दर जुलैला पुन्हा तसं बसायची माझ्यात ताकद नाही. यात माझा स्वार्थ आहे, असू दे.

तिथे तुमचं काही अडणार नाही. पहिला मजला, तरीही लिफ्ट. खुर्चीचा संडास, शेजारी धरायला दांडी बसवून घेतली आहे. ओटा आईच्या उंचीचा करून घेतला, गवंडी कुरकुरला तरी. पश्चिमेला गॅलरी आहे, तुळस आणि बाबांची खुर्ची दोन्ही मावतात, मापून बघितलं. संकष्टीला रिक्षा ठरवली आहे, नेऊन आणून सोडेल. वडापच्या भरगच्च गाडीनं जायचं नाही. घर विकायचा विषय मी या पत्रात काढत नाही.

जातं तिथेच राहू दे. पुरात ते तसूभर हललं नाही, टेम्पोवाल्यानं तरी कशाला हलवावं? आजीची वाकळ न्यायची, ती माझ्या पलंगावर. नावं घातलेली भांडी निम्मी ठेवू. कोणती, ते आईनं ठरवायचं. दादाच्या मुंजीतले ते बारा एकसारखे पेले मात्र एकाच काकूंच्या नावाचे आहेत, तेवढे तरी दे! कपडे बोहारणीला दिलेस तर चालेल, पण बदल्यात आणखी एक पातेलं घेऊ नकोस.

बाबा, दिवाळी अंकांचं मला नीट कळत नाही. २०१९ ला खालच्या खणातल्यांचा लगदा झाला, तो तुम्ही पाटीनं भरून दारात टाकलात. आख्ख्या गल्लीत गाद्या आणि कपाटं पडली होती, पण तुम्ही बघत होतात फक्त कागदांकडे. वरचे वाचले आहेत. नगर वाचनालयाचीही किती पुस्तकं त्या पाण्यात गेली हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. हवे आहेत का, हे तुम्हीच जाऊन विचारा. नको म्हणाले तर ब्लॉकात आणा, माझ्या खोलीची एक भिंत देते. पाण्याच्या नोंदींच्या वह्या मात्र टेम्पोत नाही द्यायच्या, माझ्या गाडीत.

तसंच ठेवींच्या पावत्या, सिटी सर्व्हेचा उतारा, आईचे एक्स-रे आणि देव. एका कापडी पिशवीत, हातात. माळ्यावरची धूळ झटकताना आईनं तोंडाला रुमाल बांधायचा, पंप जवळ ठेवायचा. रोज दोन तासच आवराआवर. दुपारी झोपायचं. बी.पी.ची गोळी सकाळची, रात्रीची नव्हे!

आई, एक राहिलं. पुण्याला निघायच्या दिवशी सकाळी मी त्या दुकानात परत गेले होते. बंब चेपून झाला होता. तोटी पितळेची, म्हणून त्यानं वेगळी काढली होती. ती मी दोनशे रुपये देऊन आणली. इथे माझ्या टेबलावर आहे, अजून थोडी काळी. तिचं काय करू? कोणत्या ढिगात घालायची, ते तू सांग. रविवारी बाबांकडे फोन देऊ नकोस.

तुमची,
मनी

ता. क. मोठा स्टूल मी शेजारच्या काकूंकडे ठेवून आले आहे. हेही न विचारताच. मागायला जाऊ नका, त्या देणार नाहीत.