‘आकृती प्रमाणात नाही’ एवढ्याने भागत नाही

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ग्रहांची युती, ग्रहण किंवा एखादे अवकाशयान यांची बातमी आली की तिच्यासोबत सूर्यमालेचे एक चित्र हमखास छापले जाते. डावीकडे सूर्याची पिवळी कड आणि तिच्यालगत प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारखे एका रांगेत आठ ग्रह. खाली कधीकधी बारीक अक्षरांत ‘आकृती प्रमाणात नाही’ अशी टीप असते. ती प्रामाणिक आहे, पण आकृती प्रमाण सोडून किती दूर गेली आहे, याचा तिच्यावरून काहीच अंदाज येत नाही.

यात चित्रकाराचा दोष नाही. आपल्या दैनिकाच्या पानाच्या उभ्या बाजूवर सूर्य ते नेपच्यून हे अंतर ४५ सेंटिमीटरांत बसवायचे ठरवले, तर सूर्य जेमतेम ०.१४ मिलिमीटरचा होईल. पृथ्वी त्याच्यापासून दीड सेंटिमीटरवर येईल आणि तिचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून थोडासाच अधिक, म्हणजे एखाद्या जिवाणूएवढा भरेल; वृत्तपत्राच्या छपाईतला बारीकातला बारीक ठिपकाही तिच्यापेक्षा मोठा असतो. म्हणून ग्रह फुगवावे लागतात, अंतरे आवळावी लागतात, आणि आकारासाठी एक व अंतरासाठी दुसरे अशी दोन मापे एकाच चित्रात नांदू लागतात.

त्याने काय बिघडते, हे मी विज्ञानाचा शिक्षक असताना दरवर्षी पाहिले. ‘दर पौर्णिमेला चंद्रग्रहण का होत नाही?’ हा प्रश्न वर्गातून हटकून येई, आणि तो येण्याचे कारण मुलांचा निष्काळजीपणा नसून पुस्तकातला पृथ्वीला जवळजवळ खेटून काढलेला चंद्र हे असे. शंभर कोटी किलोमीटरला एक किलोमीटर हे माप घेतले तर पृथ्वी म्हणजे १.३ सेंटिमीटरची गोटी, चंद्र म्हणजे ज्वारीचा दाणा, आणि दोघांमध्ये ३८ सेंटिमीटर अंतर. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली असल्यामुळे हा दाणा गोटीच्या पातळीपासून तीन सेंटिमीटरांहून अधिक वर किंवा खाली जातो, तर तेवढ्या अंतरावर गोटीच्या गडद सावलीची रुंदी एक सेंटिमीटरही नसते. सावली बहुतेक वेळा चुकते, ती यामुळे. गोटी, दाणा आणि पट्टी मुलांच्या हाती दिल्यावर मला पुढे फारसे बोलावे लागत नसे.

(अणूच्या आकृतीचीही हीच गत आहे. हायड्रोजनच्या अणूचे केंद्रक मोहरीच्या दाण्याएवढे मानले तर अणूचा पसारा क्रिकेटच्या मैदानाएवढा होतो. पुस्तकात मात्र केंद्रक सुपारीएवढे आणि इलेक्ट्रॉन वीतभर अंतरावर फिरताना दिसतो.)

कागदावर जे मावत नाही, ते रस्त्यावर मावते. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या एका प्रचंड गोलाकार क्रीडागृहाला सूर्य मानून दोन कोटींस एक या प्रमाणात ग्रहांच्या प्रतिकृती उभारल्या आहेत आणि त्या देशभर विखुरल्या आहेत. आपल्याला इतके दूर जाण्याची गरज नाही. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर, वर गोटी-दाण्यासाठी घेतलेल्याच मापाने (शंभर कोटी किलोमीटरला एक किलोमीटर), केवळ खुणा आणि लहानशा पाट्या लावता येतील. नरीमन पॉइंटच्या टोकाला १.४ मीटर व्यासाचा सूर्य. तेथून सुमारे १५० मीटरांवर आपली गोटी. ७८० मीटरांच्या आसपास मोठ्या नारळाएवढा गुरू. दीड किलोमीटरच्या थोडा अलीकडे शनी. आणि चौपाटी जवळ येत असताना, २.९ किलोमीटरांवर, लिंबाएवढा युरेनस. नेपच्यूनसाठी मात्र साडेचार किलोमीटर लागतात, तेव्हा त्याची पाटी चौपाटी ओलांडून वाळकेश्वरच्या बाजूला न्यावी लागेल. या मापाने प्रकाशाचा वेग सेकंदाला फक्त ३० सेंटिमीटर होतो. म्हणजे सकाळी रमतगमत फिरणारे आजोबाही प्रकाशाला सहज मागे टाकतील, आणि सूर्यापासून गोटीपर्यंत यायला प्रकाशाला आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ का लागतो, हे त्यांच्या नातवाला चालता चालता समजेल.

महापालिकेने या सूचनेचा विचार करावा, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे. तोपर्यंत आपणही सूर्यमालेच्या चित्राखाली अशी दोन-तीन ओळखीची अंतरे छापावीत. सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, या योजनेत कोठे बसवायचा असे कोणी विचारील, म्हणून तेही सांगतो. तो ४.२४ प्रकाशवर्षे दूर असल्यामुळे या मापाने सुमारे ४० हजार किलोमीटरांवर येतो, आणि पृथ्वीचा परीघही जवळपास तेवढाच आहे. त्यामुळे त्याच्यासाठी वेगळी जागा शोधायला नको. चौपाटीकडे पाठ न फिरवता सरळ चालत राहून पृथ्वीला एक पूर्ण फेरी घातली की त्याची पाटी पुन्हा नरीमन पॉइंटलाच येईल.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, गिरगाव, मुंबई